पित्ताशयाचे विकार आणि उतारवयातील आरोग्य

मराठी घरांत ‘पित्त’ हा शब्द नित्य ऐकू येतो. छातीत जळजळले की पित्त झाले, आंबट ढेकर आली की पित्त वाढले, डोके चढले की पित्त चढले आणि अंगावर गांधी उठल्या तरी तेही पित्तच. त्यावरचे उपायही घरोघरी ठरलेले असतात. कोणी आमसुलाचे पाणी देतो, कोणी थंड दूध, कोणी ओवा, तर कोणी लिंबू आणि सोडा. तक्रार किरकोळ असेल तर या उपायांनी बिघडत नाही. परंतु याच परिचित शब्दाच्या आडोशाला एक वेगळे आणि क्वचित प्रसंगी प्राणावर बेतणारे दुखणे वर्षानुवर्षे दडून राहते. ते दुखणे म्हणजे पित्ताशयातील खडे आणि त्यांपासून उद्भवणारे विकार होत.

हे विकार वयाबरोबर वाढत जातात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती व महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. त्यानंतर ते वाढलेलेच आहे. साहजिकच, उतारवयातील आरोग्याचा प्रश्न आता केवळ एखाद्या कुटुंबाचा राहिलेला नाही. तो गावाचा, शाळेचा आणि शासनयंत्रणेचाही झाला आहे. पित्ताशयाचे दुखणे हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे. वेळीच ओळखले तर ते सहसा पूर्ण बरे होते. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून दुर्लक्षिले तर तेच घात करते.

एक शब्द, तीन अर्थ

‘पित्त’ या शब्दाचे तीन अर्थ प्रथम वेगळे केले पाहिजेत. आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ असे तीन दोष मानलेले आहेत. तेथील पित्त ही शरीरव्यापाराविषयीची एक व्यापक कल्पना आहे. दुसरा अर्थ बोलभाषेतला. जठरातील आम्ल वाढून किंवा वर येऊन जी जळजळ होते, तिला लोक पित्त म्हणतात. तिसरा अर्थ शरीरशास्त्रातला. यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा, कडू रस म्हणजे पित्तरस. हा रस आम्लधर्मी नसून किंचित अल्कधर्मी असतो. जठरातील आम्लाशी त्याचा जन्मतः काहीही संबंध नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. जठरातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, सोडा किंवा दूध यांचा पित्ताशयातील खड्यांवर कोणताही परिणाम होत नाही. तरीही लोकांना गुण आल्यासारखा वाटतो. याचे कारण असे की, खड्यामुळे उठणारी कळ बहुधा अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि नंतर आपोआप ओसरते. ती ओसरण्याच्या सुमारास जो उपाय केलेला असेल, त्याच्या पदरी यश जाते. पुढच्या वेळी पुन्हा तोच उपाय होतो आणि खरे निदान पुढे ढकलले जाते.

पित्ताशयाची रचना व कार्य

यकृत हा शरीरातील एक मोठा अवयव उजव्या बाजूस बरगड्यांच्या आत असतो. त्याच्या खालच्या अंगाला पेरूसारख्या किंवा नासपतीसारख्या आकाराची एक लहान पिशवी चिकटलेली असते. तेच पित्ताशय. त्याची लांबी सात ते दहा सेंटिमीटर असून त्यात साधारणतः ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो. यकृत दिवसभरात अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. एवढा रस त्या लहान पिशवीत कसा राहतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पित्ताशयाचे अस्तर त्या रसातील पाणी शोषून घेते आणि रस कित्येक पटींनी दाट करून साठवते.

तूप, तेल, मांस यांसारखे स्निग्ध अन्न आतड्यात उतरले की तेथून एक संप्रेरक रक्तात मिसळते. त्याच्या प्रभावाने पित्ताशय आकुंचन पावते आणि साठवलेला रस पित्तनलिकेवाटे लहान आतड्याच्या प्रारंभीच्या भागात सोडला जातो. स्वादुपिंडाची नलिकाही बहुतेकांच्या शरीरात तेथेच येऊन मिळते. एका खड्यामुळे यकृत आणि स्वादुपिंड हे दोन्ही अवयव संकटात का येतात, याचे उत्तर या जवळिकीत आहे.

पित्तरसाचे काम शाळेतही सहज दाखविता येते. पेल्यात पाणी घेऊन त्यावर थोडे तेल ओतले तर ते वर तरंगत राहते. त्यात साबणाचे पाणी घालून ढवळले की तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळते. पित्तरसातील लवणे आहारातील मेदावर असेच कार्य करतात. मग पाचक रसांना त्या मेदाचे विघटन करणे सोपे जाते.

खडे कसे तयार होतात?

पित्तरसात पाणी, पित्तलवणे, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन हा रंगद्रव्याचा अंश असतो. या घटकांचे प्रमाण जोवर समतोल असते, तोवर ते विरघळलेल्या स्थितीत राहतात. कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर वाढले, किंवा पित्ताशय पुरेसे रिकामे न होता रस साचून राहिला, म्हणजे बारीक कण तयार होतात. काकवीत साखरेचे कण धरावेत तसे हे कण एकमेकांना चिकटून खडा बनतो. काही खडे वाळूच्या कणाएवढे, तर काही लिंबाएवढेही असू शकतात. एकाच पित्ताशयात एक मोठा खडा असेल किंवा शेकडो बारीक खडे असतील.

खड्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला कोलेस्टेरॉलचा व दुसरा रंगद्रव्याचा. उत्तर भारतात पहिल्या प्रकारचे खडे अधिक आढळतात, तर दक्षिणेत दुसऱ्या प्रकारचे प्रमाण तुलनेने जास्त असते. रक्तातील तांबड्या पेशी अकाली नष्ट होत असतील तर रंगद्रव्य वाढते आणि काळे खडे तयार होतात. गडचिरोली, नंदुरबार किंवा अमरावतीचा मेळघाट अशा आदिवासी भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्या रुग्णांत ऐन तारुण्यातही असे खडे होऊ शकतात. तेथील शिक्षकांनी व आरोग्य कार्यकर्त्यांनी हे विशेषत्वाने ध्यानात ठेवावे. सिकलसेल असलेल्या मुलाचे पोट वारंवार दुखत असेल तर ते केवळ जंतांचे दुखणे समजू नये.

खड्यांचा धोका काहींना अधिक असतो. वाढते वय हे पहिले कारण. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक असून अनेक बाळंतपणांनी त्यात भर पडते. स्थूलता, मधुमेह, बैठे जीवन, घराण्यात हा विकार असणे ही इतर कारणे आहेत. वजन झपाट्याने घटविणे आणि दीर्घकाळ उपाशी राहणे यांनीही खडे होण्यास वाव मिळतो, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

मुके खडे आणि बोलके खडे

पाश्चात्य देशांत प्रौढांपैकी शेकडा दहा ते पंधरा जणांच्या पित्ताशयात खडे असतात, असे आढळून आले आहे. त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. अशा मुक्या खड्यांपैकी दरवर्षी शेकडा एक ते चार जणांनाच पुढे लक्षणे दिसू लागतात. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करावी आणि अहवालात खडे निघावेत, असे आता वारंवार घडते. अशा वेळी घाबरून जाऊन तात्काळ शस्त्रक्रियेसाठी धावण्याचे बहुधा कारण नसते. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, लक्षणे समजून घ्यावीत आणि लक्ष ठेवावे, एवढे पुष्कळदा पुरते.

याला काही अपवाद आहेत. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा मांसल अंकुर, पित्ताशयाच्या भित्तीत साचलेला चुना, अशा स्थितीत कर्करोगाची शक्यता लक्षात घेऊन शस्त्रक्रियेचा विचार आधीच केला जातो. पित्ताशयाचा कर्करोग आपल्या देशात गंगेच्या खोऱ्यात विशेष आढळतो आणि खड्यांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

खडा एकदा ‘बोलू’ लागला, म्हणजे कळ येऊ लागली, की मग मात्र परिस्थिती पालटते. एकदा कळ आलेल्या रुग्णास ती पुन्हा येण्याची आणि पुढील गुंतागुंत होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. लक्षणे नसताना थांबणे हा शहाणपणा होय. लक्षणे सुरू झाल्यावर थांबणे ही दिरंगाई होय.

कळ कशी ओळखावी?

लग्नसराईतील बासुंदीपुरी, तर्रीदार मटणाचे जेवण किंवा तळलेले पदार्थ खाऊन माणूस निजतो आणि मध्यरात्री पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागते. दुखणे वाढत जाते आणि मग एका पातळीवर टिकून राहते. ते पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते. मळमळ होते, उमासे येतात, उलटी होते. कूस बदलली, शौचास जाऊन आले किंवा वायू सरला तरी आराम पडत नाही. साध्या आम्लपित्तात छातीच्या मध्यभागी जळजळ असते आणि औषधाने ती लवकर शमते. हा फरक सर्वसामान्य माणसासही ओळखता येण्याजोगा आहे.

कळ सहा तासांहून अधिक टिकली, सोबत ताप आला आणि उजव्या बरगडीखाली हात लावताच श्वास अडखळू लागला, तर पित्ताशयास सूज आली असे समजावे. खडा घसरून मुख्य पित्तनलिकेत अडकला तर डोळे व लघवी पिवळी होते, शौचाचा रंग मातकट पांढरा पडतो व अंगास खाज सुटते. त्यात जंतुसंसर्ग झाला म्हणजे हुडहुडी भरून ताप येतो. पोटदुखी, कावीळ आणि थंडीताप हे त्रिकूट एकत्र दिसले तर ते तातडीचे संकट होय. खड्यामुळे स्वादुपिंडास सूज आली तर असह्य वेदना पाठीत आरपार जातात. या कोणत्याही स्थितीत घरगुती उपचारांत एक रात्रही दवडणे धोक्याचे असते.

कावीळ झाली की गावठी औषध घेण्याची किंवा ती उतरवून घेण्याची प्रथा अनेक गावांत आहे. विषाणूंमुळे होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून या प्रथेला आधार मिळाला. परंतु खड्याने नलिका अडल्यामुळे झालेली कावीळ मंत्राने किंवा मुळीने उतरत नाही. वृद्ध माणसास कावीळ झाली तर तिचे कारण सोनोग्राफीने शोधलेच पाहिजे.

उतारवयातील फसवी लक्षणे

वर दिलेली लक्षणे ग्रंथात जशी असतात तशी वृद्धांत दिसतीलच असे नाही, आणि या विकाराची खरी गोम तेथे आहे. वाढत्या वयात वेदनेची जाणीव बोथट होते. शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याने संसर्ग असूनही ताप चढत नाही. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी पोटातील दुखणेही झाकून टाकते. मधुमेह बरीच वर्षे असेल तर हा धोका अधिकच वाढतो. त्यामुळे पित्ताशय आतून सुजलेले, प्रसंगी सडण्याच्या किंवा फुटण्याच्या बेतात असतानाही वृद्ध व्यक्ती फक्त एवढेच म्हणते की, ‘आज जेवावेसे वाटत नाही.’

एखाद्या घरातील सत्तरीच्या आजीचे उदाहरण घ्यावे. दोन दिवस तिने जेवण टाकलेले असते. ती गप्प असते, पडून राहते. मधूनच असंबद्ध बोलते. उठताना तोल जातो. घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ कोणी म्हणतो, ‘उन्हाचा त्रास असेल.’ तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसतात आणि मग धावपळ सुरू होते. अशा वेळी रुग्णालयात पोहोचेपर्यंत रक्तात संसर्ग पसरलेला असू शकतो. वृद्ध माणसाच्या वागण्यात एकाएकी पडलेला फरक, अन्नावरची उडालेली वासना, नव्याने आलेला गोंधळ किंवा अकारण पडणे, ही म्हातारपणाची नव्हे तर आजाराची लक्षणे समजावीत. म्हातारपण दोन दिवसांत येत नसते; दोन दिवसांत येतो तो आजार.

येथे आणखी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पोटाच्या वरच्या भागातील दुखणे हे हृदयविकाराचेही लक्षण असू शकते. विशेषतः वृद्ध, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात हृदयाचा झटका पोटदुखीच्या रूपाने येतो. घाम सुटणे, दम लागणे, छातीवर दडपण येणे अशी चिन्हे असतील तर ते ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ मानून बसू नये. हृदयाचा विद्युत आलेख तात्काळ काढून घ्यावा.

निदान आणि उपचार

पित्ताशयातील खडे शोधण्यासाठी सोनोग्राफी ही सर्वांत सोयीची तपासणी आहे. तिच्यात वेदना नाही, घातक किरण नाहीत आणि पित्ताशयातील बहुसंख्य खडे तीत स्पष्ट दिसतात. तपासणीपूर्वी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, कारण जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावते व नीट दिसत नाही. मधुमेही वृद्धांनी त्या दिवशीच्या औषधाविषयी आधीच विचारून घ्यावे. नलिकेतील खडा मात्र सोनोग्राफीत सुटू शकतो. त्यासाठी रक्ततपासणी आणि आवश्यकतेनुसार चुंबकीय प्रतिमा घेतली जाते.

या रोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बोधप्रद आहे. पूर्वी शस्त्रवैद्य पित्ताशय उघडून केवळ खडे काढीत आणि पिशवी तशीच ठेवीत. खडे पुन्हा होत. बर्लिन येथील कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी प्रथमच संपूर्ण पित्ताशय काढून टाकले. पित्ताशयात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे तयार करते म्हणून ते काढावे, असा त्यांचा विचार होता आणि तोच आजही मान्य आहे. पुढे सुमारे शंभर वर्षे ही शस्त्रक्रिया पोटावर मोठा छेद घेऊन होत असे. जर्मनीतील एरिच म्यूहे यांनी १९८५ मध्ये ती दुर्बिणीच्या साहाय्याने केली. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ही पद्धत सुरू केली. सार्वजनिक रुग्णालयातही हे तंत्र रुजू शकते, याचा तो वस्तुपाठ होता. या पद्धतीत पोटावर तीनचार लहान छिद्रे पाडली जातात आणि प्रकृती चांगली असेल तर रुग्ण एकदोन दिवसांत घरी जातो.

नलिकेत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो. पोटावर छेद न घेता नलिकेचे तोंड मोकळे करण्याची ही रीत १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथे विकसित झाली. अशक्त वृद्धांना ती वरदान ठरली आहे. ज्यांना भूल सोसणार नाही अशा रुग्णाच्या सुजलेल्या पित्ताशयात त्वचेतून बारीक नळी घालून पू काढता येतो आणि संकट टळते.

‘या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. वय हा एकटा अडसर नसतो. हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंडे यांची स्थिती अधिक महत्त्वाची असते. रक्तदाब व रक्तशर्करा आटोक्यात आणून, नियोजनपूर्वक केलेली शस्त्रक्रिया वृद्धांनाही चांगली सोसते. तीच शस्त्रक्रिया पित्ताशय सडल्यावर घाईने करावी लागली तर जोखीम अनेक पटींनी वाढते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती डॉक्टरांना अवश्य सांगावी, मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

काही प्रचलित समजुती

पित्ताशय काढल्यावर अन्न पचणार नाही, अशी भीती अनेकांना वाटते. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात नव्हे. पिशवी काढल्यानंतर तो थेट आतड्यात उतरत राहतो. काहींना प्रारंभी पातळ शौचास होते. बहुतेकांना काही आठवड्यांनी नेहमीचे जेवण चालते.

खडे औषधाने विरघळतात, हीदेखील अर्धसत्य समजूत होय. कोलेस्टेरॉलचे लहान, चुना न धरलेले काही खडे विशिष्ट औषधाने विरघळू शकतात. परंतु त्यास अनेक महिने लागतात आणि औषध थांबविल्यावर खडे पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. मूतखड्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन हे खडे बाहेर पडतील, असे समजणेही चुकीचे आहे. दोघांचे मार्ग वेगळे आहेत. तेल आणि लिंबाचा रस मोठ्या प्रमाणात पिऊन खडे पाडण्याचा एक उपाय सांगितला जातो. त्यानंतर शौचातून जे मऊ हिरवट गोळे पडतात, ते खडे नसून त्याच तेलापासून आतड्यात तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. उलट, एवढ्या तेलाने पित्ताशय जोराने आकुंचन पावते आणि खडा नलिकेत सरकून अनर्थ ओढवू शकतो.

आहार आणि विहार

खडे होऊ नयेत म्हणून जे करावयाचे, तेच मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांपासूनही रक्षण करते. ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी, वरण, उसळी, पालेभाज्या, ताक, हंगामी फळे हा आपला परंपरागत आहार तंतुमय आहे आणि या दृष्टीने उत्तम आहे. तूपतेल पूर्णतः वर्ज्य करण्याची आवश्यकता नाही. थोडासा स्निग्धांश पित्ताशय रिकामे राखण्यास साहाय्यच करतो. टाळावयाचे ते अतिरेक. ज्यांना कळ येऊन गेली आहे त्यांनी मात्र उपचार होईपर्यंत तळलेले व तुपकट पदार्थ कटाक्षाने कमी करावेत.

उपवासाविषयी वृद्धांशी आदराने बोलावे लागते. एकादशी, चतुर्थी, श्रावणातील वार आणि नवरात्र यांमुळे अनेक वृद्ध स्त्रियांचे उपवास बरेच असतात. दिवसभर निराहार राहून सायंकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट आणि तळलेले बटाटे एकदम खाल्ले, की दिवसभर साचलेला दाट रस आणि एकाएकी जोराने आकुंचन पावणारे पित्ताशय यांचा योग जुळून येतो. उपवास मोडावा असे कोणी म्हणत नाही. दूध, ताक, फळे, राजगिरा, वरी थोडी थोडी दिवसात दोनतीनदा घेतली तर व्रतही सांभाळले जाते आणि प्रकृतीही. मधुमेहावर औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून कडक उपवास करू नये.

वजन अधिक असेल तर ते हळूहळू उतरवावे. आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन घटविणारे प्रयोग खड्यांना आमंत्रण देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ज्येष्ठांनीही आठवड्यातून किमान १५० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत आणि तोल सांभाळण्याचा सराव ठेवावा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमहून कमी असावे. वृद्धांच्या ताटात डाळ, दूध, अंडे यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ कमी पडू देऊ नयेत. प्रयत्न न करता वजन घटू लागले तर मात्र ते सुचिन्ह नसून तपासणीचे कारण होय.

गावाने काय करावे?

या विकारात मोठ्या यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व पहिल्या चोवीस तासांत घेतलेल्या निर्णयाला असते. तो निर्णय घरात आणि गावात होतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि आरोग्य सेवक यांना येथे पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे.

पुढील लक्षणे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत:

१. पोटाच्या वरच्या भागात सहा तासांहून अधिक टिकणारी वेदना.
२. पोटदुखीबरोबर थंडीताप.
३. डोळे किंवा लघवी पिवळी होणे.
४. वारंवार उलट्या, पाणीही न ठरणे.
५. पोटदुखीबरोबर घाम, दम किंवा छातीत दडपण.
६. वृद्ध व्यक्तीने एकाएकी अन्न टाकणे, असंबद्ध बोलणे किंवा निपचित पडणे.

यांपैकी एकही लक्षण दिसले तर रुग्णास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. शेवटची दोन लक्षणे असतील तर घटकाभरही थांबू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर तातडीची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्य दूरध्वनी सेवा आहे.

खर्चाच्या भीतीने अनेक वृद्ध आपले दुखणे मुलांपासून लपवितात. केंद्र शासनाने २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचा लाभ ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुला केला. राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. योजनांतील उपचारांची यादी व संलग्न रुग्णालये यांत वेळोवेळी बदल होत असल्याने गावातील ज्येष्ठांची कार्डे आधीच काढून ठेवणे आणि जवळच्या संलग्न रुग्णालयाचे नाव पंचायतीत नोंदवून ठेवणे हिताचे ठरेल. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्यतोवर खाटा व स्वतंत्र रांग यांची तरतूद आहे, हेही सदस्यांना ठाऊक असावे.

प्रत्येक वृद्धाच्या नावे एक साधी वही असावी. तीत रक्तदाब, साखर, वजन, सुरू असलेली औषधे आणि पूर्वीचे अहवाल यांची नोंद ठेवावी. मुले परगावी असतील तर ही वही डॉक्टरांना सर्व काही सांगते. शाळेतील वरच्या वर्गांतील विद्यार्थी आजीआजोबांची ही वही आनंदाने लिहितील आणि त्या निमित्ताने शरीरशास्त्राचा पाठही घरापर्यंत पोहोचेल.

आयुर्मान वाढले, ही देशाची कमाई आहे. परंतु वाढलेली वर्षे वेदना सोसण्यात जावयाची की नातवंडांत रमण्यात, हे पुष्कळ अंशी भोवतालच्या माणसांच्या जागरूकतेवर अवलंबून असते. पित्ताशयाचे दुखणे असाध्य नाही आणि त्याचे उपचार आता दुर्लभही राहिलेले नाहीत. घरातील वडीलधाऱ्या माणसाने ‘थोडे पित्त झाले आहे’ असे म्हटले, तर आमसुलाचे पाणी अवश्य द्यावे. मात्र त्याबरोबर कोठे दुखते, केव्हापासून दुखते, ताप आहे काय आणि डोळे पिवळे दिसतात काय, हे चार प्रश्नही विचारावेत. या चार प्रश्नांना वेळ फारसा लागत नाही, परंतु त्यांच्या उत्तरांवर एखाद्याचे प्राण वाचू शकतात.